गारांतली चारची गाडी

स्पिरिटचा तो उग्र, निळसर वास कुठूनही आला, की माघातलं कलतं ऊन आणि त्या उन्हात जमिनीशी वाकलेली एक काळी टोपी मला एकदमच दिसते. पेरूच्या झाडांच्या सावल्या अंगणभर लांबत चाललेल्या असत, पाटाच्या पाण्याचा दिवसभराचा कलकलाट दमल्यासारखा मंदावलेला असे, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीशी, स्टेशनमास्तरचा जुना कोट गळ्यापर्यंत गुंड्या लावून, सत्तरीचे मामंजी तांब्याएवढ्या बॉयलरखाली स्पिरिटची ज्योत धरून बसलेले असत. पाण्याची आधी कुजबुज होई, मग एक सुस्कारा निघे, आणि शेवटी शिट्टी. त्या शिट्टीनं मला काही काव्यबिव्य सुचत नसे. पायरीवर सांडलेलं तेल आता पुन्हा पुसायचं आहे, एवढंच आठवे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. दौंड-मनमाड लाइनीवरच्या आडगावच्या स्टेशनांवर तीस वर्षं काढून, पेन्शन घेऊन ते राहात्याला बागेत घर बांधून राहिले होते. माझे यजमान पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येत. साहेब लोक देश सोडून निघाले तेव्हा नगरच्या कॅम्पात त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. कुणी पलंग घेतले, कुणी आरसे घेतले, आमच्या मामंजींनी आगगाडी घेतली! चार बोटं रुंदीचे रूळ, एक इंजिन, तीन उघडे डबे. स्वयंपाकघराच्या पायरीपासून निघून, लिंबाच्या झाडाला वळसा घालून मागच्या पडवीपर्यंत त्यांनी विटांवर ती लाइन अंथरली. माझं धुणं वाळत घालायची जागा त्यात गेली. पदर रुळाला अडकून मी दोनदा तोंडघशी पडले, आणि दोन्ही वेळा त्यांनी आधी रूळ तपासले.

राग यायचा, पण त्या माणसावर राग धरून बसणं कठीण होतं. त्यांच्या सगळ्या हालचालींत एक प्रकारची संथ, विधिवत शुचिता होती. पूजेला बसलेल्या माणसाला घाई करावी असं जसं मनात येत नाही, तसं त्यांच्याकडे पाहून वाटे. गाडी सुटण्यापूर्वी खिशातलं घड्याळ काढायचं, कानाशी धरायचं, झाकण मिटायचं; मग हातातली हिरवी चिंधी खांद्यापर्यंत वर न्यायची. पाहायला कुणी नसलं तरी ती चिंधी खांद्याच्या खाली कधी थांबली नाही.

सासूबाईंनी तीस वर्षं गाड्यांच्या वेळांवर संसार केला. सकाळच्या पॅसेंजरला भात टाकायचा, संध्याकाळची मालगाडी गेली की दिवे लावायचे. स्वतः गाडीत बसण्याचे प्रसंग मात्र बाळंतपणं आणि मयती सोडल्या तर फारसे आले नाहीत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली आणि त्या वाचेबरोबर अन्नावरची वासनाही गेली. चमचा ओठांशी नेला की त्या भिंतीकडे मान फिरवत. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तर माणूस राहील, नाहीतर मी येऊन काय करू? एका दुपारी, उन्हाला म्हणून त्यांची खाट पडवीत आणली होती, तेव्हा मामंजींनी सहज म्हणून भाताच्या पेजेची वाटी डब्यात ठेवली आणि गाडी सोडली. गाडी खाटेपाशी येऊन थांबली. सासूबाई कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवसापासून पेज गाडीनं आली तरच; मग चमचा कुणीही धरला तरी चाले. हातात नेलेली मात्र माझी चालत नसे, मुलाची नाही, मामंजींचीही नाही.

लोकांना हे ऐकायला गोड वाटतं. मला विचारा! पहाटेपासून त्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरी पिळायच्या, पेज शिजवून फडक्यातून गाळायची, आणि एवढं सगळं करून ती एका खेळण्याच्या हवाली करायची. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी दमणूक काही उतरत नसे. सकाळी उठले की ती उशाशी बसलेलीच असे. आणि कुणाला सांगावं तर म्हणत, किती भाग्याचं घर हो तुमचं.

माघाच्या शेवटी दोन दिवस स्पिरिट मिळालं नाही, गाडी बंद. दोन दिवस सासूबाईंच्या पोटात घोटभर पाण्याखेरीज काही गेलं नाही. डोळे खोल गेले, हाताची कातडी कागदासारखी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी कोपरगावहून बाटली आली आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात आभाळ आलं. पेरूंच्या बागेवर एक पिवळी, आजारी सावली पसरली, पाखरं गप्प झाली, आणि पत्र्यांवर तडतड तडतड गारा कोसळायला लागल्या. बोरांएवढ्या गारा, अर्धा तास. थांबल्या तेव्हा सगळं अंगण पांढरं झालं होतं. टाचा बुडतील एवढा खच. फुटलेल्या पेरूंचा वास आणि गारांचा गारठा यांत रूळ कुठे दिसतच नव्हते.

मामंजींनी घड्याळ काढलं. पावणेचार. चारला पेजेची गाडी सुटायची.

आमच्याकडे कामाला येणारी सरूबाई दारात डोक्यावर पोतं घेऊन उभी होती. तिच्या शेतातला हरभरा गारांनी नुकताच आडवा झाला होता, तरी तिला हसू आलं. "आवं मास्तर, गारा हायती त्या! वाईच इरघळू द्या की. आज गाडी न्हाई गेली तर काय राज्य बुडतंय व्हय?"

"आज नाही गेली तर काय बुडेल ते तुला दिसत नाही का?" मामंजी म्हणाले. आवाज चढवला नव्हता. पण ते पाहत होते पडवीतल्या खाटेकडे.

लिलावातून आगगाडी ज्या पेटीत आली, त्या साहेबाच्या पेटीत एक टोकदार, दोन्हीकडे वळवलेला पत्रा आला होता. तो कशाचा ते आम्हांला कधी कळलं नाही, म्हणून सरूबाई त्यानं चुलीतली राख ओढत असे. पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो डकवलेला होता: साहेबाच्या गावची बाग, सगळी पांढरीशुभ्र, आणि त्यातून हे इंजिन नाकाला तो पत्रा बांधून वाट काढतंय. इतके दिवस मामंजी म्हणत, पिंजलेला कापूस असावा. त्या दिवशी झाकण उघडून ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, चुलीतला पत्रा आण. कापूस नव्हे तो."

पत्रा तारेनं इंजिनला बांधला. मग हा सत्तरीचा म्हातारा, लाइन पाहिल्याशिवाय गाडी सोडायची नाही म्हणून, हातोडी घेऊन गारांतून वाकून वाकून शेवटपर्यंत चालत गेला आणि घसरत घसरत परत आला. चार वाजले. हिरवी चिंधी वर गेली. गाडी सुटली, आणि काय सांगू, खरंच चालली! नाकाडावरच्या पत्र्यानं गारा दोन्ही अंगांना उडत होत्या, वाफ त्या पांढऱ्यावर तरंगत होती, मागच्या डब्यात पेजेची वाटी हिंदकळत होती. मामंजींचा चेहरा मी तसा उजळलेला कधी पाहिला नव्हता. पण लिंबाच्या वळणावर झाडाखाली ढीग साचला होता. गाडी त्यात शिरली आणि थबकली. चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली.

मामंजी घड्याळ हातात धरून उभेच. पडवीतून सासूबाईंचे डोळे त्या वळणावर लागलेले. माझा मात्र तोल गेला. म्हटलं, पुरे झालं हे नाटक! वाटी उचलली, तरातरा खाटेशी गेले आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मान भिंतीकडे फिरवली. डोळे मिटले. ते मिटणं नेहमीचं नव्हतं. आपण आता या जगाकडून काही घेणार नाही, असं सांगणारं होतं. चिडलेल्या हातानं मी काय करून बसले, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मामंजी मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "ठेव परत डब्यात. आणि घरातली रांगोळी आण."

मोठी इंजिनं घसरायला लागली की रुळांवर वाळू सोडतात; आमच्या घरात तेवढी बारीक वाळू म्हणजे रांगोळीच. ते चिमटीनं रुळावर रांगोळी टाकत पुढे सरकले आणि मी पदर खोचून गुडघ्यांवर बसले, सुपलीनं गारा ओढत. बोटं बधिर झाली, लुगडं चिंब झालं. सरूबाईही समोरच्या बाजूनं ओढायला लागली. तिघं जण ओणवे, आणि मधे ते एवढंसं इंजिन धापा टाकत. मी मनात एकच म्हणत होते, पोच गं बाई, एकदा पोच.

गाडी खाटेपाशी आली. मामंजी उठून ताठ उभे राहिले, छाती भात्यासारखी हलत होती. मग सासूबाईंनी हळूहळू डोळे उघडले, गाडीकडे पाहिलं, मामंजींच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. तोंडाची हलती बाजू थोडी वर गेली आणि तीन महिने मुक्या असलेल्या त्या तोंडातून, वाकडातिकडा पण स्पष्ट, एक शब्द आला.

"लेट."

मामंजींनी टोपी काढली. "हो गं," ते म्हणाले, "चाळीस मिनिटं. माझीच चूक." गारांचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. सासूबाईंनी तोंड उघडलं. वाटीभर गार पेज त्या चमच्या-चमच्यानं सगळी प्याल्या, आणि मी ओल्या लुगड्यानं भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. आनंदानं म्हणावं तर तसंही नाही. माझ्यात उभं राहण्याचं त्राण उरलं नव्हतं, एवढंच खरं.

सासूबाई पुढे अडीच महिने होत्या. कधी अर्धी वाटी, कधी पाऊण. आणखी चार-पाच शब्द परत आले, त्यांत माझं नाव होतं. वैशाखात एका साध्या सकाळी गेल्या. मामंजी तीन वर्षांनी गेले. मी सुटले, असं तेव्हा नातेवाईक म्हणाले, आणि मीही मान हलवली. आता माझे हात मोकळे आहेत, दुपारी निवांत पडायला मिळतं, हाक मारून उठवणारं कुणी नाही. त्यांच्याशिवायची वर्षं त्यांच्याबरोबरच्या वर्षांहून कितीतरी अधिक झाली. आणि तरी या सगळ्या स्वस्थपणात मनाला खरा विसावा हवासा वाटला, की ते जातं त्या दिवसांकडेच, जेव्हा मला क्षणभर टेकायलाही मिळत नव्हतं.