लस उठेपर्यंत

डॉक्टर हेन्रींनी उत्तराचा दंड खिडकीकडे वळवला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि चष्मा कपाळावर ढकलला. मागच्या आठवड्यात देवीची लस टोचली होती तिथे मांजराने ओरखडल्याइतकीही खूण राहिली नव्हती.

"उठली नाय," ते म्हणाले. "काय गो बाय, हाताला काय लावला होता? पाणी-बिणी?"

"नाही," उत्तरा म्हणाली.

तिची आई रत्नप्रभा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती कापसाच्या बरणीकडे बघत राहिली.

"बोट कधी तुझी?"

"पुढच्या महिन्यात, सुरुवातीलाच."

"मग आज परत टोचतो. पण लस उठलेली दिसल्याबिगर मी दाखल्यावर सही करणार नाय, आणि सही नसली तर बोटीवर कोण घेणार नाय. स्कॉलरशिप काय तुझ्यासाठी वर्षभर फडताळात ठेवतील?" स्पिरिटचा बोळा घेता घेता ते रत्नप्रभाकडे वळले. "आणि वहिनी, सुकेपर्यंत काय लावायचा नाय. तुमचा तीर्थ नाय, आमचा होली वॉटर पण नाय."

रत्नप्रभाने पदर सावरून मान हलवली.

तिच्या गावाकडे देवी टोचणारा डॉक्टर येऊन गेला, की बायका पोरांना घरामागे नेत आणि टोचलेला दंड कडुलिंबाच्या पाण्याने हलकेच धुऊन टाकत. देवी यायची तर आपल्या मर्जीने यावी. सुरीच्या टोकाने तिला ओढून आणायचं म्हणजे मर्यादा सोडणं. म्हणून धुवायचं आणि हात जोडायचे. उत्तरा पाळण्यात होती तेव्हा तिचाही दंड असाच धुतला गेला होता, आणि म्हणून तेविसाव्या वर्षीही तो कोरा होता. मागच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आल्यावर रत्नप्रभाने तो पुन्हा धुतला. हाताची सवय, दुसरं काय. बोट चुकावी असं काही तिच्या मनात नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

आंबोलीच्या दवाखान्यातून परतताना वाडीच्या कुंपणापाशी तिच्याने राहवेना.

"मीच धुतला गो. डॉक्टरांना सांगायला हवं होतं."

"असू दे. कधी कधी नाहीच उठत लस."

रत्नप्रभाने चालता चालता तिच्याकडे पाहिलं. इतक्या समजुतीने बोलायची या मुलीची रीत नव्हती. कॉलेजात जंतूंचा अभ्यास सुरू केल्यापासून तिने चाळीतल्या बायकांना पाणी उकळायला लावलं होतं, आणि आमटी चाखलेली पळी पातेल्यात परत घातली म्हणून आईशी चार दिवस अबोला धरला होता. तिचा बाप दशरथ गिरणीत भेटेल त्याला सांगायचा, "आमची पोरगी जंतू शिकायला लंडनला चाललीय. इथले कमी पडले तिला."

घरी आल्यावर उत्तराने चपला काढल्या, सरळ मोरीत जाऊन पाटावर बसली आणि पोलक्याची बाही वर सारली.

"आई, पाणी घेतेस ना?"

रत्नप्रभा उंबऱ्यातच थांबली. मागच्या आठवड्यातही तिने उत्तराला हाक मारली नव्हती. कडुलिंबाचं पाणी नुसतं चुलीवर होतं. मुलगीच येऊन अशी बसली होती, अशीच खाली मान घालून, आणि दंड तिनेच पुढे केला होता.

आता तांब्याभर पाणी पुरलं असतं. कोणी कोणाला बोल लावला नसता. दशरथ दोन दिवस जेवला नसता, मग जेवला असता. मुलगी इथेच राहिली असती, डोळ्यांसमोर, पळीवरून भांडत. रत्नप्रभाचा हात घंगाळाच्या काठावर गेला आणि तिथेच राहिला.

"ऊठ," ती म्हणाली. "पाट ओला आहे."

उत्तरा उठली नाही.

"तुला जायचं नाही?"

"जायचंय." ती मोरीच्या भोकाकडे बघत होती. "आजारी पडले तर, आई? तिथे कोण आहे? नळीतल्या जंतूची भीती नाही वाटत. ताप आला आणि खोलीत एकटीच असले, तर काय करायचं ते मला माहीत नाही. कधी करावंच लागलं नाही."

ते खरंच होतं. साधी शिंक आली तरी या घरात काढा तयार असे. रत्नप्रभाने तिची बाही हलकेच खाली ओढायला हात नेला, पण डॉक्टरांचं बोलणं आठवून मागे घेतला.

"वाळू दे तो आधी," एवढंच ती म्हणाली.

या वेळी लस उठली. आठव्या दिवशी दंड लाल झाला, काखेत गाठ आली आणि दुपारी उत्तराला सडकून ताप भरला. आतल्या खोलीत चटईवर ती कुशी बदलत होती. दशरथ पाळीवर गेला होता. रत्नप्रभा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

"आई."

सुपातला हात थांबला.

"आई, घसा सुकलाय गं. पेज दे ना."

"चुलीवर आहे," रत्नप्रभा बाहेरूनच म्हणाली. "ऊठ आणि घे वाढून."

सुपातला हात पुन्हा चालू लागला.

"आई, मला चक्कर येतेय."

"भिंतीला धरून चल. वाटेत बसावंसं वाटलं तर बस. मग परत ऊठ."

चटई सरकल्याचा आवाज आला. भिंतीवरून हात घासत गेला. मग झाकण जमिनीवर पडून गरगरत राहिलं, आणि त्यामागून रडल्यासारखा एक श्वास. रत्नप्रभाने दोन्ही पावलं मांडीखाली घट्ट दाबून धरली, सूप पोटाशी ओढलं आणि दाराकडे पाठ केली.

"मीठ घाल चिमूटभर," ती म्हणाली. "फडताळात, खालच्या कप्प्यात."