पाऊण कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. खरं सांगायचं तर पाऊणच आहे. पुठ्ठा गेला, कोपरे दुमडले, आणि आता कुणी उघडलं तरी पाठ दुखते.

माझ्यात एका शहराची गोष्ट आहे. तिथे घराचं दार लावायला सरकारची बंदी असते आणि एक माणूस गुपचूप कडी बनवतो. एके काळी मला फार नावाजायचे. पण १९९६ साली दिल्लीत मराठी पुस्तक मिळायची मारामार. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतल्या चार घरांत मिळून मी एकटीच. तेव्हा सेक्शन ऑफिसर मुरलीधर यांनी ब्लेडने माझे चार भाग केले आणि प्रत्येकाला फायलीचा टॅग बांधला. "एका घरी वाचून झालं की पुढच्या घरी. बिल्कुल सरकारी पद्धत!" म्हणाले. काय दुखलं म्हणून सांगू! पण वाचणारी माणसं भेटली, म्हणून सोसलं.

रविवारी अलकनंदाबाईंच्या घरी माझ्यावर चर्चा रंगायची. शेजारची पद्मजा म्हणायची, "अहो, आपल्याकडे तरी दार कोण लावतं? विरजण मागायला येतात ते थेट स्वयंपाकघरात!"

"आपण मनाने उघडं ठेवतो गं," अलकनंदाबाई म्हणायच्या. "सक्तीने ठेवणं वेगळं."

नियम एकच होता. चारही घरांचं वाचून झाल्याशिवाय शेवट फोडायचा नाही. अलकनंदाबाईंची पाळी चौथी. त्यांनी माझे तीन भाग वाचले. शेवटचा भाग पद्मजा आणि वरच्या मजल्यावरचा उल्हास वाचून मोकळे झाले आणि तो मुरलीधरांकडे गेला. त्यांचंही वाचून झालं. मग तिघं कोपऱ्यात शेवटावरून हमरीतुमरीवर यायचे, आणि चहा घेऊन अलकनंदाबाई आल्या की, "चूप, वहिनी आल्या!" त्या हसायच्या. "थांबा, येऊ दे माझी पाळी. मग बघते एकेकाला!"

त्याच महिन्यात मुरलीधरांना दिल्लीच्याच द्वारका भागातल्या सोसायटीत फ्लॅटचा ताबा मिळाला. शेवटचा भाग त्यांच्या सामानात गेला. "पुढच्या रविवारी आणतो हां, वहिनी," ते टेम्पोतून म्हणाले. मग पद्मजा नोएडाला गेली, उल्हास गुडगावला. तो रविवार काही आला नाही. माझे तीन भाग नऊ-दहा वर्षं माळ्यावर पडून राहिले. झुरळांखेरीज कुणी विचारलं नाही.

२००६ साली अलकनंदाबाईंचे यजमान बळवंतराव निवृत्त झाले. कायमचं साताऱ्याला जायच्या आधी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि मेट्रोने द्वारका गाठली. गेटवर गार्डने रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, वर फोन केला. मुरलीधरांनी आतून तीन कड्या काढल्या तेव्हा कुठे दार उघडलं.

"भाऊजी, माझी पाळी राहिलीये," बाई म्हणाल्या.

मुरलीधरांनी मान खाली घातली. "वहिनी, इथे नवं शोकेस केलं. पुठ्ठा नसलेलं ते बाड त्यात बरं दिसेना. रद्दीत गेलं हो."

बाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं. "दुसरी प्रत कुठे मिळत नाही, पद्मजा-उल्हासचा पत्ता नाही. मग तुम्हीच तोंडी सांगा. आता फोडायला हरकत नाही."

"नाही आठवत."

"मी आले की गप्प बसायचात तिघं! इतकं भांडलात, आणि आठवत नाही?"

"आठवतं ते फक्त भांडण," मुरलीधर म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाईंना रागही आला आणि त्यांची कीवही आली. त्यांनी मला टीपॉयवर ठेवलं. "हे तीन भाग पुन्हा वाचा. शेवट आठवला की कळवा."

मुरलीधरांनी मला दोनदा वाचलं. दर रविवारी साताऱ्याहून फोन येतो. "आठवला का?" "नाही, वहिनी." मग दोघं थोडा वेळ माझ्याबद्दल बोलतात. मीही कान देते, कारण तो भाग गेल्यापासून माझा शेवट मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, मी आता थकले आहे. फार उपदेश करत नाही. दुसऱ्याच्या पाळीचं पुस्तक अडवून ठेवू नका. आणि तुमच्या घरी फायलीचा टॅग बांधलेलं, पान दोनशे एक्केचाळीसपासून सुरू होणारं बाड असेल, तर ते कृपा करून रद्दीत घालू नका. साताऱ्याला एका बाईंची पाळी अजून यायची आहे.