साहेबांचं बोट

साहेबांच्या घरात सिनेमा लावायचा तर आधी साहेब घरी असावे लागत. पाच रिमोट ठरलेल्या क्रमाने दाबायचे, मग टीव्हीमागे हात घालून एक वायर जरा वर उचलून धरायची, आणि तरीही पडदा निळाच राहिला तर सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. बायको तोवर खुर्चीत बसून वह्या तपासायची. ती शाळेत गणित शिकवत असे. कित्येकदा एका वर्गाच्या वह्या संपायच्या, पण सिनेमातली माणसं काही तोंड उघडायची नाहीत. उघडलंच तर ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा.

पण खरं दुखणं वायरींचं नव्हतं, निवडीचं होतं. बाजारात एकाच कामाच्या दोन वस्तू आल्या की साहेबांचं बोट नेमकं त्यातल्या बुडणाऱ्या वस्तूवर पडायचं. तरुणपणी कॅसेटी दोन मापांत आल्या, तेव्हा त्यांनी लहान माप घेतलं. चित्र स्वच्छ, यंत्र दणकट. फक्त भाड्याच्या दुकानांत लहान मापाची कॅसेट मिळेनाशी झाली. मग जेवणाच्या ताटाएवढ्या चकत्या आल्या. त्यांत निम्म्या सिनेमाला उठून चकती उलटावी लागे, आणि पाहुणे तेवढी संधी साधून घरी निघत. त्यानंतर आला चष्मा लावून बघायचा टीव्ही. त्याचे चष्मे पुढे बायको कांदा चिरताना लावू लागली.

दर वेळी साहेबांचं म्हणणं एकच. वस्तू उत्तम होती, लोक मूर्ख निघाले. आणि हा माणूस नोकरीत कोण होता? विमा कंपनीचा सर्व्हेअर! जळलेल्या गोदामाच्या राखेत नुसता पाय फिरवून कुठली खोकी आधीपासून रिकामी होती ते सांगायचे. भलेभले व्यापारी त्यांना टरकून असत. दुसऱ्याचं नुकसान त्यांना लांबून दिसायचं. घरातलं मात्र कपाट उघडलं की अंगावर पडायचं.

साहेबांना आयुष्यात फार काही नको होतं. बायकोने एकदा, फक्त एकदा, समोर उभं राहून म्हणावं, ‘तुमचं बरोबर होतं.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा नोकरीला लागला, तरी हे वाक्य काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं. बाकी तिने त्यांना बरंच काही म्हटलं होतं.

बाहेर मात्र मान होता. कोपऱ्यावरच्या टीव्हीच्या दुकानात साहेब शिरले की मालक उठून उभा राही, पंखा त्यांच्याकडे वळवी, आणि नवीन आलेली वस्तू आधी त्यांच्यापुढे ठेवून विचारी, “साहेब, तुमचं काय मत?” साडूही काही घ्यायचं झालं की आधी साहेबांना फोन करी. साडूचा ड्रायव्हिंगचा क्लास होता. बोलका माणूस, पण साहेबांचा सल्ला तो एका शब्दाने न तोडता ऐके. त्याच्या घरी जायची मात्र नेहमी दुसरीच वस्तू, कारण साहेबांनी सांगितलेली म्हणे त्याला कुठे मिळायचीच नाही. साहेबांना त्याची कीव येई.

अशात बाजारात दोन नव्या जातीच्या चकत्या आल्या. एक हिरव्या डबीतली, एक नारिंगी. हिरवीच्या यंत्रात नारिंगी चालत नव्हती आणि नारिंगीच्या यंत्रात हिरवी. सिनेमावाल्यांनी आपसांत वाटण्या करून घेतल्या. एका सिनेमाचा पूर्वार्ध हिरव्या डबीत निघाला आणि उत्तरार्ध नारिंगीत. दोन्ही कंपन्या छातीठोकपणे सांगत होत्या की आमचीच जात टिकणार. गिऱ्हाइकाने मध्ये उभं राहून खिसा धरायचा.

साहेब महिनाभर वाचत बसले. मासिकं चाळली, आकृत्या काढल्या, आणि मनाशी पक्कं केलं: हिरवी. तरी शेवटचं ऐकून घ्यावं म्हणून ते दुकानात गेले.

दुकानात मागे एक काचेच्या दाराची खोली होती. भिंतींना जाड फोम, मधे कोच, चहूकडे सात स्पीकर. दार लावलं की आतलं बाहेर जात नसे आणि बाहेरचं आत येत नसे. मालकाने साहेबांना कोचावर बसवलं, आपल्या मोबाईलवरून एक गाणं लावून दिलं आणि दार ओढून घेऊन तो काउंटरवर गेला. गाणं ऐन रंगात आलं आणि थांबलं. काचेतून दिसत होतं, मालकाच्या हातातला मोबाईल वाजत होता. त्याने तो कानाला लावला.

“हॅलो, ह्यांनी बोट ठेवलं का?” सातही स्पीकरमधून साहेबांची बायको बोलली.

साहेब ताडकन उठून उभे राहिले. मोबाईल अजून खोलीतल्या यंत्रालाच बिनतारी जोडलेला होता. तिकडे मालकाला काहीच ऐकू येत नव्हतं. तो नुसता हॅलो हॅलो करत असावा, कारण बायकोचा आवाज चढत गेला.

“अहो, ऐकू येत नाहीये का? मी म्हणते, ह्यांनी कशावर बोट ठेवलं? ज्यावर ठेवतील ते सोडून दुसरं पाठवा! ह्यांना सांगा, माल संपला! ताई आणि भावजी किती वर्षं असंच करतात, त्यांचं कधी काही बुडालं? तुम्हीसुद्धा ह्यांनी जे घेतलं त्याचा उरलेला माल दुसऱ्या दिवशी कंपनीला परत पाठवता ना, तुम्हीच सांगितलंत! मीच मेली आजवर भिडेपोटी गप्प बसले!”

मालकाने मोबाईल झटकला, उलटा धरला, पुन्हा कानाला लावला. बायको आता वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगत होती.

“कायम चुकणारा माणूस हा कायम बरोबर असणाऱ्याइतकाच उपयोगी असतो! फक्त उलटं वाचायचं!”

एवढा स्वच्छ आवाज साहेबांनी जन्मात ऐकला नव्हता. मागच्या दोन स्पीकरमधून तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मालकाने वैतागून फोन कापला आणि दुकानाच्या जुन्या फोनवरून उलट फोन लावला. या वेळी त्याला ऐकू आलं. तो मान डोलवत हसला, आणि इकडे गाणं पुन्हा सुरू झालं.

साहेबांना फार लाज वाटली. मालकाचं ते उठून उभं राहणं, तो पंखा, साडूचं ते मन लावून ऐकणं, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं आणि कानशिलं तापली. मग राग आला. आणि रागाच्या मागोमाग ते डोकं जागं झालं, ज्याने आजवर शेकडो लबाड व्यापाऱ्यांना उघडं पाडलं होतं. मला उलटं वाचता काय? मग मी उलटंच लिहितो.

ते दार उघडून शांतपणे काउंटरवर आले आणि त्यांनी नारिंगी यंत्रावर बोट ठेवलं.

“हेच. शंकाच नको.”

“वा! साहेबांची नजर म्हणजे नजर!” मालक म्हणाला आणि आत गेला. जरा वेळाने कपाळावर हात मारत बाहेर आला. “साहेब, काय सांगू, शेवटचा पीस सकाळीच गेला. पुढची खेप कधी येईल देव जाणे. हिरवा चालेल का? तुमच्यासाठी म्हणून देतो.”

साहेबांनी चेहरा पाडला, दोन सुस्कारे सोडले आणि मोठ्या नाइलाजाने हिरवं घरी नेलं.

“अगोबाई, हिरवं आणलंत?” बायकोने दारातच विचारलं.

“नारिंगी संपलं म्हणे.”

“चालायचंच,” ती म्हणाली. दोघांनीही कामं झकास वठवली.

हिरवं पहिल्या झटक्यात सुरू झालं. ओठ आणि आवाज बरोबर चालले. साहेब कोचावर रेलून मनातल्या मनात सगळ्यांना वाकुल्या दाखवत होते. मालकाने गोदाम हिरव्या डब्यांनी भरलं. साडूने तर क्लासात शिकायला येणाऱ्यांनाही गाडी चालवता चालवता हिरव्याची शिफारस केली.

वर्ष उलटायच्या आत हिरवीवाल्या कंपनीने हात वर केले. यापुढे यंत्रं नाहीत, चकत्या नाहीत, दुरुस्तीही नाही. सगळे सिनेमे नारिंगीत गेले. मालक डोक्याला हात लावून खोक्यांच्या ढिगावर बसला. साडूने फोन करून अर्धा तास कुणाचं नाव न घेता आरडाओरडा केला.

साहेब हादरले ते वेगळ्याच कारणाने. म्हणजे ते उलटं बोलले, तरी बुडालं ते मनातलंच.

त्या संध्याकाळी बायको वह्या बाजूला ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. फोन, मालक, ताई-भावजी, काहीएक लपवलं नाही. “तुम्ही नारिंगीवर बोट ठेवलं होतं. तुमचं बरोबर होतं. मीच चुकले.”

झालं! इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, तेही डोळ्यांत पाणी आणून. साहेबांनी ते ऐकलं. मनात हिरवीच होती हे खरं सांगावं, तर वाक्य हातचं जाणार. तोंडाशी आलेलं त्यांनी आवंढ्याबरोबर गिळून टाकलं.

“असू दे,” ते उदारपणे म्हणाले. “माणूस आहे, चुकायचंच.”

“नाही, आता पुन्हा नाही,” बायको म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि पिशवीतून दोन कागद काढून त्यांच्यापुढे टेबलावर पसरले. दोन वेगवेगळ्या घरांचे नकाशे होते. साहेबांच्या निवृत्तीनंतर राहायला जायचं म्हणून ती महिनाभर हिंडून घरं बघून आली होती, आणि आतापर्यंत त्यातलं अक्षर त्यांना सांगितलं नव्हतं. “आपली सगळी पुंजी यात जाणार. मी काही बोलणार नाही. तुम्ही बोट ठेवाल तेच घेऊ.”

ती शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. असा विश्वास तिच्या डोळ्यांत साहेबांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि दोन्ही नकाशे नीट पाहिले. पहिलं घर त्यांना आवडलं. फार आवडलं. इतकं आवडलं, की त्याच्याकडे नेलेलं बोट त्यांनी मधेच मागे घेतलं.