तोडणीआधी

देठाची हिरवी टिकली फळावर राहिली पाहिजे, ओढून काढलं की तिथली साल फाटते आणि चार दिवसांत फळ आतून सडतं — म्हणून कात्री. आणि कात्री हातात असूनही शिडीवरच्या लेकीने अजून एकही देठ कापला नव्हता, कारण तोंडातली संत्र्याची फोड आंबट होती. दात आंबावेत इतकी.

"नुसती साखर आहे," शिडी धरून उभी असलेली आई खालून म्हणाली. "आज दोन्ही झाडं उतरवून टाकू."

चाळीस वर्षं तोडणीचा दिवस आईच्या जिभेवर ठरत आला होता. उन्हाकडच्या फांदीचं एक फळ सोलायचं, अर्धं स्वतः खायचं, अर्धं लेकीला. रंगावर जाऊ नकोस, रंग थंडीने येतो... पुढे प्रयोगशाळेतल्या नोकरीत रसातली साखर आणि आम्ल मोजताना तिला कळलं, आईचं बरोबर होतं. हेही कळलं, की तोडलेलं संत्रं आणखी गोड होत नाही. आज कापलं, ते असंच राहणार.

सांगायला हवं. पण 'आंबट आहे' म्हटलं की त्यामागून बाकीचं येणार — दूध करपत असताना शेजारीच पेपर वाचत बसलेली आई, दोनदा मीठ पडलेली भाजी... आणि आपण प्रत्येक वेळी म्हातारपणाचा विसरभोळेपणा म्हणून सोडून दिलेलं.

"अगं, बोल की. संत्रं दिलंय, मूग नाही दिले गिळायला."

"खातेय ना."

"गोड आहे... हो ना?"

हे 'हो ना' आईने कधी विचारलं नव्हतं. लेकीने पानांतून खाली पाहिलं. आई झाडाकडे बघत नव्हती, हातातल्या फळाकडेही नाही. आपल्या लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. लेक प्रयोगशाळेत वजनाच्या काट्याकडे बघते तशी, तो स्थिर व्हायची वाट पाहत. मग एकेक जुळत गेलं. हल्ली आपण पहिला घास घेईपर्यंत आई जेवायला सुरुवात करत नाही. त्याला आपण माया समजत होतो.

म्हणजे जिभेची चव गेलीय, हे आईला ठाऊक आहे. केव्हापासून?

भुवया, ओठ, गाल — आपला चेहरा तिला एकदम जड वाटू लागला. तो कसा ठेवायचा, हे कुणी कधी शिकवलं नव्हतं. तिने दुसरी फोड तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि चेहऱ्याला काही सांगितलं नाही; आंबटाने तो हवा तसा आक्रसू दिला.