सगळ्यांचं उत्तर चाळीस

आमच्या कॉलेजात जार टेस्टचं उत्तर चाळीस यायचं. एका लिटर गढूळ पाण्याला किती मिलिग्रॅम तुरटी लागते, हे शोधायचा तो प्रयोग. पण प्रयोगशाळेतलं गढूळ पाणी म्हणजे नळाचं पाणी आणि डब्यातली चाळलेली माती. दरवर्षी तोच नळ, तीच माती, मग तुरटीही तेवढीच लागणार. वरची बॅच खालच्या बॅचला आकडा सांगून मोकळी व्हायची. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते आणि मी तो तोरा बरीच वर्षं मिरवला.

त्या दिवशी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी शिफ्टची प्रमुख होते आणि तोरा पार उतरला होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे नदी सकाळपासून चहासारखी येत होती. चाळीसने काही झालं नाही. मी तुरटी दुप्पट केली, मग तिप्पट. गाळ खाली बसायचं नाव घेईना. शेवटी मी शहराकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. साठ्यातलं पाणी फार तर दुपारपर्यंत पुरणार होतं. प्रसूतीचं हॉस्पिटलही त्याच पाण्यावर, आणि तिथे माझी धाकटी बहीण, कालच मला मावशी करून झोपलेली.

पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांचे फोन सुरूच होते. आधी समजावणी झाली, मग आवाज चढला. गढूळ तर गढूळ, सोडून टाका, लोक उकळून घेतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरी उकळायला माणसं होती.

त्यात सर आले. अभ्याससहलीची तारीख आधीच ठरलेली, त्यामुळे कॉलेजची बस भरून पोरं-पोरी, आणि पुढे मला हे सगळं शिकवणारे माझे सर. मला वाटलं, देव पावला. मी त्यांना थेट प्रयोगशाळेत नेलं. सहा काचेच्या भांड्यांत नदीचं पाणी भरून ठेवलं होतं. सरांनी सवयीने पोरांकडे वळून विचारलं, तुरटी किती घालायची. अख्ख्या बॅचने एका सुरात चाळीस म्हटलं.

सरांनी चाळीसपासून सुरुवात करून प्रत्येक भांड्यात मात्रा वाढवत नेली. भांड्यांतली ढवळणारी पाती फिरली, थांबली, आम्ही वाट पाहिली. सहाही भांडी जशीच्या तशी. सर घामाघूम झाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मला येत नाही," सर म्हणाले. पोरांसमोर म्हणाले. "नदीचं पाणी मी या भांड्यांत कधी घातलंच नाही. तुला काय दिसतंय, सांग."

सरांनाच येत नाही म्हटल्यावर मला चुकायची भीती उरली नाही. आकडा सोडून मी पहिल्यांदाच पाण्याकडे पाहिलं. एका भांड्यात लिटमसचा कागद बुडवला, तर तो लाल झाला. तुरटीने पाणी आंबट होतं आणि फार आंबट झालं की तीच तुरटी गाळाला धरत नाही. नळाच्या पाण्याला तेवढं सोसायचं. या नदीला सोसत नव्हतं आणि मी सकाळपासून तुरटीच ओतत होते.

आंबटपणा मारायला चुना मागवला. नव्या पाण्यात तुरटीबरोबर थोडा-थोडा घालत असतानाच फोन वाजला. आत्ता उघडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, साहेब म्हणाले.

"नाही उघडणार, साहेब," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मधल्या एका भांड्यात कापसासारखे पुंजके धरले आणि हळूहळू तळाशी गेले. वरचं पाणी नितळ झालं. मागे कोणीतरी सुस्कारा सोडला.

मोठ्या टाकीत ते जमून यायला संध्याकाळ झाली. तोवर शहराचे नळ कोरडे पडले, हॉस्पिटलचेही. बहिणीने फोनवर मला नाही नाही ते सुनावलं आणि मी सगळं ऐकून घेतलं. मग मी स्वतः व्हॉल्व्ह उघडला. साहेबांनी नोटीस दिलीच.

निघताना सरांनी नदीच्या पाण्याचे कॅन बसमध्ये चढवायला लावले. आता परीक्षेला हेच पाणी, म्हणाले. एका मुलीने घाबरतच विचारलं, मग उत्तर किती यायला हवं?

"मला काय माहीत," सर म्हणाले. "तुम्ही काढा आणि मला सांगा."