कुंपणापलीकडचं फूल

आधीच सांगते, ती वेल मी लावली नव्हती. गुलाबांच्या वाफ्यात आपली आपण उगवली, गुलाबाच्या अंगावरून चढली आणि बघता बघता कुंपणावर जाऊन बसली. बोट दिलं की मनगट धरणारी जात! नवरा म्हणाला, "उपटून टाक." मी म्हटलं, "कोण, कुठली ते कळल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढायचं नाही."

मग यांनी मोबाईलने फोटो काढला. मोबाईल म्हणाला, काकडी. दुसऱ्या दिवशी म्हणाला, द्राक्ष. तिसऱ्या दिवशी म्हणाला, मांजर. पण तेव्हा खरंच मांजर मध्ये आलं होतं.

शेवटी एक फांदी तोडून मी कोपऱ्यावरच्या नर्सरीत नेली. नर्सरीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पानं जोडीने, समोरासमोर. आणि हे बघा, आधाराला वेढा घालतोय तो पानाचाच देठ. रानवेल दिसतेय. पण फूल बघितल्याशिवाय मी नाव घ्यायची नाही. फूल आणा."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. मूळ आमच्याकडे, पानं आमच्याकडे आणि फुलं सगळी पलीकडे, उन्हाच्या बाजूला. पलीकडे म्हणजे जाऊबाईंकडे. भावाभावांनी घराची वाटणी केली, पण ते दोघे अजून रोज एकत्र फिरायला जातात. आम्ही दोघी मात्र बागेतला नळ कुणाच्या हद्दीत यावरून जे भांडलो, ते दोन वर्षं बोललोच नाही. त्या मोठ्या, म्हणून वाकायच्या नाहीत. मी धाकटी, म्हणून दर वेळी मीच का वाकायचं? खोटं कशाला बोलू, जीव तुटायचा माझा. या घरात आल्यापासून माझं हसणं-रडणं त्यांच्यापाशीच झालेलं. पण आधी तोंड कोण उघडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून पलीकडे डोकावले आणि बघतच राहिले. त्यांची अख्खी भिंत पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरली होती. आणि खाली जाऊबाई उभ्या, हातात छाटणीची कात्री, कात्रीच्या तोंडात जाडजूड फांदी.

"अहो थांबा! कापू नका!"

त्यांनी दचकून वर बघितलं. "दोन वर्षांनी वाचा फुटली, ती पण पाल्यासाठी?"

"वाचा तुम्हालाही होती की."

"माझ्या खिडकीत अंधार करायला मुद्दाम लावलीस ना ही?"

"मी? मला साधा पुदिना जगवता येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला!"

त्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "नाव काय हिचं?"

"तेच तर कळत नाही. एक फूल द्या, विचारून येते."

"देणार नाही," त्या म्हणाल्या. माझं तोंड एवढंसं झालं. "वाटेत चुरगाळून टाकशील. मीच येते."

फूल कुणी धरायचं यावरून रस्ताभर आमची जुंपली. नर्सरीवाल्या बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. "चार पाकळ्या, मध्ये झुपका. मोरवेल ही! अस्सल इथली, रानातली. फुलं गेली की बियांना पांढरी पिसं येतात नि वाऱ्यावर उडत कुठेही जाऊन पडतात. छाटताना चीक हाताला लागू देऊ नका, बाकी बिनधास्त राहू द्या."

"म्हणजे ही कुणी लावली नाही?" जाऊबाईंनी विचारलं.

"छे हो, वाऱ्याने आली असणार."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "उगाच बोलले गं तुला."

मी संधी सोडते होय! "नळाबद्दलही?"

"नळाबद्दल नाही. नळ माझाच आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की बाईंनी हातातल्या फुलाकडे संशयाने बघितलं.

वेल ठेवायची, फक्त खिडकीवरून बाजूला वळवायची, हे परत येताना ठरलं. जाऊबाई स्वतःच्या फाटकापाशी थांबल्याच नाहीत. माझ्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात आल्या. वाटणीत ते माझ्याकडे आलं, त्याआधी तिथे त्यांचंच राज्य होतं. फूल पाण्यात ठेवायला म्हणून त्यांनी कपाटाकडे हात नेला आणि तो तसाच मागे घेतला.

"ग्लास कुठे ठेवतेस गं हल्ली?"

"तुम्ही ठेवायचात तिथेच," मी म्हटलं. "काही हलवलं नाही मी."

त्यांनी खालचा कप्पा उघडला आणि एक ग्लास काढला. मग माझ्याकडे पाठ करून नळाखाली तो कितीतरी वेळ धूत राहिल्या.