समोरच्याचा पट

मी बोलतोय, पटाचा फळा. वर्गातला नव्हे, त्याच्यावर निदान कविता तरी लिहितात. मी भाईंदर पूर्वेच्या एका पालिका शाळेत मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर टांगलेला असतो. रोज सकाळी माझ्यावर एवढंच लिहितात: इयत्ता, मुलगे, मुली, एकूण पट आणि आज हजर किती. येणारा साहेब आधी मला वाचतो आणि मगच आत जातो. त्यामुळे मला थोडा तोरा आहे, हे खरं.

माझा जन्म शाळेच्या आवारातच झाला. सुताराने प्लायवूड कापलं आणि धाकू पेंटरने काळा रंग देऊन पिवळ्या रेघा ओढल्या. 'एकूण'चा रकाना त्याने ऐसपैस ठेवला. "तीन आकडे मावले पाहिजेत," म्हणाला. तेव्हा ते मावायचेही. खारी गावातली पोरं, रत्नागिरी-रायगडकडून पोटासाठी आलेल्यांची पोरं, सगळी माझ्याकडे यायची. आता तिथे दोनच आकडे हातपाय पसरून बसतात.

आणि समोरच्या भिंतीवर तो आहे. हिंदी माध्यमाचा फळा. इमारत एक, नळ एक, खिचडीचं पातेलं एक, शाळा मात्र दोन. तो माझ्या मागून आला, माझ्याहून लहान, रेघाही वाकड्या. पण दर जूनमध्ये त्याचा पट फुगायचा आणि माझा आटायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशी माझी गत. त्यातून आमच्या मराठी घरांतली मुलंही तिकडेच जायची. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे अनसूयाबाई, मे महिन्याच्या उन्हात दारोदार मुलं गोळा करायला जातात. त्यांनी बोलावून आणलेली सुलू नावाची एक आई माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, चाळीत सगळी हिंदीच बोलतात. माझी आरोही खेळणार कुणाशी?" आणि लेकीला घेऊन सरळ समोर गेली. आठवलं की अजून पोटात दुखतं.

पण माझ्याकडे सुरुची होती. पाचवीतली. वडील जितेंद्र स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर. आमचे नीरज सर तिला शाळा सुटल्यावर शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शिकवायचे. समोरच्या शाळेतला ईश्वरही आपली हिंदी पुस्तकं घेऊन त्याच बाकावर येऊन बसायचा. सर त्यालाही गणितं समजावून द्यायचे. मला ते मुळीच रुचत नव्हतं. सर आमचे, खडू आमचा, आणि पोर त्यांचं! मी देवाला साकडं घातलं, सुरुची पास होऊ दे आणि तो नापास.

देवानेही नेमकं ऐकलं. शाळा नव्याने सुरू झाली, सुरुची सहावीत आली आणि निकाल लागला. तिला शिष्यवृत्ती मिळाली, ईश्वर थोडक्यात हुकला. नीरज सरांनी माझ्या तळाशी रंगीत खडूने तिचं नाव लिहिलं. मी समोर बघून घेतलं. पट तुझा असेल बाबा, पण नाव माझं!

दोन दिवसांनी जितेंद्र पेढे घेऊन आले. बाईंचं दार माझ्या बगलेतच, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"घ्या मॅडम. तुमच्यामुळे झालं हे."

"माझ्यामुळे नाही हो, नीरज सरांमुळे. नाव काढलं पोरीने."

जितेंद्र उठेनात. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तिचा दाखला पाहिजे होता. सिल्व्हर पार्कला इंग्लिश मीडियममध्ये ॲडमिशन भेटतंय. रिझल्ट बघून लगेच हो बोलले ते."

बाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "जितेंद्र, सातवीपर्यंत तरी ठेवा. पट अगदी काठावर आहे. एक मूल कमी झालं तर एक शिक्षक जादा ठरतो. नीरज सरांना शाळा सोडावी लागेल."

"सरांचे उपकार आहेत मॅडम. पण एवढी हुशार पोरगी इथे ठेवून काय करू?" ते थांबले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "तुमची अनुष्का कुठल्या शाळेत जाते?"

अनुष्का बाईंची धाकटी लेक. शनिवारी कधीमधी येते आणि आईशीसुद्धा इंग्रजीतच बोलते.

"तिथेच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बबन शिपायाला हाक मारली आणि दाखला लिहायला घेतला.

इतकी वर्षं मी समोरच्यावर जळलो. खरं ज्याच्यावर जळायला हवं होतं, त्या शाळेचा फळा मी कधी पाहिलासुद्धा नाही.

पुढे व्हायचं ते झालं. पट एकाने घटला आणि नीरज सरांना उत्तनकडच्या शाळेत जाण्याचा आदेश आला. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच खडू घेऊन माझ्यावर नवा आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुरेख. बबन ओला फडका घेऊन आला. "सर, खालचं सुरुचीचं नाव पुसू काय?"

"राहू दे. आपलीच आहे ती."

गणिताचं पुस्तक छातीशी धरून ईश्वर तिथे उभा होता. म्हणाला, "सर, कल से मैं किसके पास आऊँ?"

सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघाले. मला खूप वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त वाटला हेवा. ते नापास झालेलं पोर अजून समोरच्याच्या पटावर आहे. माझं पास झालेलं गेलं, आणि जाताना मास्तरही घेऊन गेलं. आता मला समोरच्याच्या नापासाचाही हेवा वाटतो.

वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणाचं सहा वर्षांचं पोर असेल तर पाठवा माझ्याकडे. बाई जीव लावतात, खिचडी गरम असते, बबन सगळ्यांना नावानिशी ओळखतो. मराठी असो, भय्याचं असो, गुजराती असो, मी आता काही विचारणार नाही. फक्त एवढं बघा, ते फार हुशार नसावं.